तिकिटाचा उरलेला पैसा कोण देतो?

शहरांत राहणाऱ्या गृहस्थाचा राज्यकारभाराशीं रोजचा संबंध कोठें येतो, असें विचारलें तर कोणी कचेरीचें नांव घेईल, कोणी न्यायालयाचें. पण खरें उत्तर बसच्या थांब्यावर सांपडतें. गाडी वेळेवर आली कीं नाहीं, तींत उभें राहण्यापुरती जागा मिळाली कीं नाहीं आणि कंडक्टरनें तिकिटाचे किती पैसे घेतले, या तीन गोष्टींवरून सामान्य माणूस आपल्या नगराच्या कारभाराची परीक्षा रोज सकाळीं करीत असतो. म्हणूनच नागरी किंवा प्रादेशिक कौन्सिलाची निवडणूक आली कीं पक्षांच्या जाहीरनाम्यांत वाहतुकीला मानाचें पान मिळतें. एक उमेदवार म्हणतो, भाडें उतरवूं. दुसरा म्हणतो, कर वाढूं देणार नाहीं. तिसरा गाड्या वाढविण्याचें वचन देतो. तिन्ही वचनें कानाला गोड लागतात. तीं शेजारीं शेजारीं ठेवून पारखावयाचीं कशीं, हा प्रश्न मात्र मतदाराच्या पदरांत तसाच राहतो.

हा प्रश्न सोडविण्यास एखादें घडून गेलेलें, हिशेब पुरा झालेलें उदाहरण फार उपयोगी पडतें. चालू निवडणुकीचा विचार करतांना पक्षाभिमान आड येतो. जुन्या आणि परक्या निवडणुकीचा विचार शांतपणें करतां येतो. असें उदाहरण लंडन शहराच्या १९८१ सालच्या निवडणुकींत मिळतें. तेथें दोन पक्षांचीं वाहतूक-धोरणें समोरासमोर उभीं होतीं. जिंकणाऱ्या पक्षाचें वचन आंकड्यांत दिलेलें होतें. तें वचन त्यानें पाळलें. आणि पाळल्यानंतर अडीच महिन्यांच्या आंत देशांतील सर्वोच्च न्यायपीठानें तें बेकायदेशीर ठरविलें. एका निवडणुकींत इतके धडे एकत्र सांपडण्याचा योग विरळा.

प्रथम या कौन्सिलाची ओळख करून घ्यावयास हवी. 'ग्रेटर लंडन कौन्सिल' ही संस्था १९६३ च्या कायद्यानें निर्माण झाली व १९६५ च्या १ एप्रिलपासून तिचा कारभार सुरू झाला. मूळचें लंडन आणि भोंवतालचीं उपनगरें मिळून जो अफाट प्रदेश झाला होता, तो तिच्या कक्षेंत येई. तिच्या खालीं ३२ 'बरो', म्हणजे पोटनगरपालिका, आणि पुरातन 'सिटी' अशी रचना होती. १९६९ च्या लंडन वाहतूक कायद्यानें शहरांतील लाल बसगाड्या आणि भुयारी रेल्वे यांच्या धोरणाचा व पैशाचा ताबा १९७० च्या आरंभापासून या कौन्सिलाकडे आला. रोजचा कारभार 'लंडन ट्रान्स्पोर्ट एक्झिक्युटिव्ह' नांवाचें मंडळ पाही. धोरण काय असावें व तूट किती भरून द्यावी, हें कौन्सिल ठरवी. उपनगरांतून येणाऱ्या आगगाड्या मात्र कौन्सिलाच्या ताब्यांत नव्हत्या. त्या सरकारी 'ब्रिटिश रेल'च्या होत्या. ही मर्यादा लक्षांत ठेवावी. पुढील हकीकतींत ती महत्त्वाची आहे.

आतां पैशाचा विचार. बस किंवा आगगाडी चालविण्यास जो खर्च येतो, तो भरून काढणारे खिसे मुख्यतः तीन. पहिला प्रवाशाचा, तो तिकिटाच्या रूपानें पैसे देतो. दुसरा स्थानिक करदात्याचा. लंडनमध्यें त्या काळीं घरें, दुकानें व कचेऱ्या यांच्या ठरविलेल्या वार्षिक भाडेमूल्यावर 'रेट' नांवाची पट्टी बसे, ती आपल्याकडील घरपट्टीसारखीच. तिसरा खिसा मध्यवर्ती सरकारचा. तें अनुदान देतें. कर्ज काढलें तरी तें उद्यां या तिघांपैकींच कोणाला तरी फेडावें लागतें. एकत्र कुटुंबांत तीन भावांनीं मिळून घरखर्च चालवावा आणि एकानें आपला वांटा कमी करावा, म्हणजे उरलेल्या दोघांचा वाढतो. तोच हा न्याय. खर्चच कमी झाला नसेल, तर भाड्याची कपात म्हणजे ओझ्याची अदलाबदल होय. ही अदलाबदल अन्यायाचीच असते असें नाहीं. कित्येकदां तीच न्यायाची असते. पण ती अदलाबदल आहे, ही गोष्ट मतदारानें दृष्टीआड होऊं देऊं नये.

निवडणुकीच्या वेळीं कौन्सिलांत हुजूर पक्षाची सत्ता होती व सर होरेस कटलर हे त्या पक्षाचे पुढारी होते. त्या पक्षाच्या भूमिकेचें सार असें कीं, वाहतूक हा शक्य तों व्यवहाराच्या नियमानें चालविण्याचा धंदा आहे. जो प्रवास करतो त्यानें त्याच्या खर्चाचा मोठा भाग स्वतः सोसावा. तूट भरण्यासाठीं पट्टी वाढवीत गेल्यास घरवाला, दुकानदार व कारखानदार यांच्यावर बोजा पडतो. शिवाय तूट हमखास भरून मिळणार असें एकदां कळलें कीं व्यवस्थापकांची काटकसरीची संवय सुटते. या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें कोणीही हिशेबी मनुष्य म्हणणार नाहीं.

मजूर पक्षानें उलट बाजू घेतली. सत्ता हातीं आल्यास बस आणि भुयारी रेल्वे यांचें भाडें शेंकडा २५ नें उतरवूं, असें त्याच्या जाहीरनाम्यांत स्पष्ट वचन होतें. त्यामागील विचार असा: भाडें वाढलें कीं कांहीं प्रवासी सुटतात, प्रवासी सुटले कीं उरलेल्यांवर खर्चाचा अधिक भार येतो, म्हणून भाडें पुन्हां वाढतें, आणि पुन्हां प्रवासी सुटतात. हें रहाटगाडगें थांबवावयाचें तर कोणी तरी मध्येंच हात घातला पाहिजे. सुटलेला प्रवासी मोटार घेऊन रस्त्यावर येतो. त्यामुळें रस्ते तुंबतात, बसगाड्याही अडकतात आणि जो कधीं बसमध्यें चढत नाहीं त्याचाही वेळ जातो. अर्थात् स्वस्त बसचा लाभ न चढणाऱ्यालाही होतो. मग त्यानें पट्टीच्या रूपानें थोडा भार उचलला तर त्यांत वावगें काय? याही म्हणण्यांत तथ्य होतें.

येथपर्यंत कोणताही मतदार आपल्या स्वभावाप्रमाणें बाजू घेऊं शकतो. पण दोन धोरणांची तुलना तत्त्वांशीं थांबली तर ती अपुरी राहते. कोणत्या घरावर त्यांचा काय परिणाम होईल, हें पाहावयास हवें. शहराच्या मध्यभागीं भाड्याच्या खोलींत राहणारा, मोटार नसलेला कारकून स्वस्त तिकिटानें रोज वांचणार, हें उघड आहे. शहराच्या कडेला स्वतःच्या घरांत राहणारा आणि ब्रिटिश रेलच्या गाडीनें कामावर जाणारा मनुष्य मात्र वाढीव पट्टी देणार आणि त्याच्या गाडीचें तिकीट तसेंच राहणार. कारण ती गाडी कौन्सिलाच्या ताब्यांतच नाहीं. शहराबाहेरच्या परगण्यांतून रोज येणारा नोकर भुयारी रेल्वेच्या स्वस्त तिकिटाचा फायदा घेईल, पण लंडनची पट्टी तो देत नाहीं व लंडनमध्यें त्याचें मतही नाहीं. याच्या उलट व्यापारी पेढ्या व कारखाने पट्टीचा अर्ध्याहून अधिक भाग भरीत, पण पेढी म्हणून त्यांना मत नव्हतें. असे चार निरनिराळे हितसंबंध एकाच वचनाच्या पोटांत दडलेले होते. सभेंतल्या भाषणांत ते वेगळे करून सांगण्यास कोणत्याही वक्त्याला सवड नसते. तें काम मतदारानें घरीं बसूनच करावें लागतें.

७ मे १९८१ रोजीं मतदान झालें. मजूर पक्षाला ५०, हुजूर पक्षाला ४१ आणि उदारमतवादी पक्षाला १ जागा मिळाली. मजूर पक्षानें ही निवडणूक अँड्र्यू मॅकिंटॉश यांच्या पुढारीपणाखालीं लढविली होती. परंतु दुसऱ्याच दिवशीं त्या पक्षाच्या निवडून आलेल्या सभासदांनीं ३० विरुद्ध २० मतांनीं केन लिव्हिंग्स्टन यांस पुढारी निवडलें. जाहीरनामा तोच राहिला, पण तो अमलांत आणणारा मनुष्य बदलला. कौन्सिलाच्या निवडणुकींत मतदार आपल्या विभागाचा सभासद निवडतो. पुढारी निवडण्याचा अधिकार त्या सभासदांचा असतो, ही गोष्ट लंडनकरांना त्या दिवशीं नव्यानें समजली असेल.

नव्या कौन्सिलानें वचनास विलंब लावला नाहीं. ४ ऑक्टोबर १९८१ पासून भाडीं सरासरीनें शेंकडा ३२ नें उतरलीं. भाडें आकारण्याची पद्धतही सोपी करण्यांत आली. अंतरावरून हिशेब करण्याऐवजीं प्रदेशाचे पट्टे पाडून त्यांवरून भाडें ठरविण्याची रीत याच सुमारास सुरू झाली. प्रवासी वाढले, शहरांत येणाऱ्या मोटारी कमी झाल्या. वचन देणाऱ्यांनीं जो परिणाम सांगितला होता तो दिसूं लागला, हें त्यांच्या बाजूनें नमूद केलेंच पाहिजे.

पण खर्चाची बाजू त्याच वेळीं पुढें आली. तूट भरण्यासाठीं कौन्सिलानें वर्षाच्या मध्येंच भाडेमूल्याच्या दर पौंडामागें ६.१ पेन्स अशी जादा पट्टी बरोंकडून मागितली. याखेरीज आणखी एक अडचण होती. १९८० च्या एका कायद्यानें मध्यवर्ती सरकारनें अनुदानाची नवी पद्धत आणली होती. ठरविलेल्या प्रमाणाबाहेर खर्च करणाऱ्या स्थानिक संस्थेचें अनुदान त्या पद्धतींत कापलें जाई. भाडें उतरविल्यामुळें लंडनचें सुमारें ५ कोटी पौंडांचें अनुदान गेलें, आणि तो खड्डाही पट्टीनेंच भरावयाचा होता. म्हणजे पहिल्या भावानें आपला वांटा कमी करतांच तिसऱ्यानेंही हात आखडता घेतला आणि सगळें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर आलें. प्रवाशाला एक पौंडाची सवलत मिळावी म्हणून करदात्याला जवळ जवळ पावणेदोन ते दोन पौंड मोजण्याची पाळी आली.

लंडनच्या आग्नेय टोंकाला ब्रॉम्ली नांवाची बरो आहे. तिच्या हद्दींत भुयारी रेल्वेचें एकही स्टेशन नाहीं. तेथील लोक प्रामुख्यानें ब्रिटिश रेलनें प्रवास करीत. पट्टी मात्र त्यांना इतरांप्रमाणेंच द्यावी लागणार होती. हुजूर पक्षाच्या हातीं असलेल्या या बरोनें कौन्सिलाविरुद्ध न्यायालयांत धांव घेतली. पहिल्या न्यायालयांत ती हरली. १० नोव्हेंबर रोजीं अपील न्यायालयानें, ज्यांत लॉर्ड डेनिंग हे प्रमुख होते, तिच्या बाजूनें निकाल दिला. आणि १७ डिसेंबर १९८१ रोजीं उमरावसभेच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें तोच निकाल कायम केला. जादा पट्टी बेकायदेशीर ठरली.

या निकालाचा कणा एका विशेषणांत होता. १९६९ च्या कायद्यानें कौन्सिलावर एक कर्तव्य घातलें होतें: लंडनसाठीं एकसंध, कार्यक्षम आणि 'इकॉनॉमिक' अशी वाहतूक वाढीस लावावी. या शेवटच्या शब्दाचा अर्थ काय? वायफळ खर्च न करणारी वाहतूक असाही तो होतो, आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी करण्याकडे लक्ष ठेवून चालविलेली वाहतूक असाही होतो. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमांत वाहतूक-मंडळानें शक्य तेथवर आपला जमाखर्च जुळता ठेवावा, असेंही सांगितलेलें होतें. दोन्ही एकत्र वाचून न्यायाधीशांनीं असें ठरविलें कीं, सामाजिक हेतूनें भाडें मनास येईल तितकें उतरवून सगळी तूट पट्टीवर टाकण्याचा अधिकार कायद्यानें कौन्सिलाला दिलेला नाहीं. शिवाय करदात्याचा पैसा हातीं असलेली संस्था ही एक प्रकारें त्याची विश्वस्त असते. प्रवाशाचें हित पाहतांना करदात्याचें हितही तिनें तराजूंत घातलें पाहिजे. अनुदान बुडणार हें दिसत असतां तिनें तें पुरतेपणीं तोललें नाहीं, असा ठपका तिच्यावर आला.

कौन्सिलाचें उत्तर असें होतें कीं, लोकांनीं हा जाहीरनामा पाहूनच बहुमत दिलें आहे. त्यावर न्यायाधीशांचें म्हणणें पडलें कीं, जाहीरनामा म्हणजे सही-शिक्क्याचें खत नव्हे. अनेक मतदार तो न वाचतां केवळ पक्ष पाहून मत देतात. म्हणून सत्तेवर आल्यावर सभासदांनीं परिस्थितीचा पुन्हां मोकळ्या मनानें विचार केला पाहिजे, वचन दिलें एवढ्यावरून आपले हात बांधले गेले असें मानूं नये. या निकालावर इंग्लंडांत मोठें वादळ उठलें. लोकांनीं निवडलेल्या संस्थेचें धोरण, ज्यांना कोणी निवडलेलें नाहीं अशा पांच गृहस्थांनीं एका शब्दाच्या अर्थावरून उलटविणें कितपत योग्य, असा प्रश्न अनेक विद्वानांनीं विचारला, आणि कायद्याच्या अभ्यासांत तो अजूनही चर्चिला जातो. वाद कसाही सुटो. कौन्सिलाला निकाल पाळावा लागला. २१ मार्च १९८२ रोजीं भाडीं जवळ जवळ दुप्पट झालीं. प्रवासी घटले आणि मोटारी पुन्हां रस्त्यावर आल्या. एकाच वर्षाच्या आंत लंडनकरांनीं स्वस्ताई आणि महागाई दोन्ही पाहिल्या.

याच्या जोडीला दुसरा एक खटला ठेवून पाहिला म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होतो. लिव्हरपूल ज्या प्रदेशांत येतें त्या मर्सीसाइड परगण्याच्या कौन्सिलानेंही अशीच सवलत पट्टीच्या पैशानें दिली होती. तेथेंही एका करदात्या व्यापारी कंपनीनें फिर्याद केली. पण १९८२ सालीं न्यायालयानें ती फेंटाळली आणि सवलत कायदेशीर ठरविली. कारण काय? लंडनला १९६९ चा कायदा लागू होता. लंडनबाहेरच्या मोठ्या नागरी प्रदेशांना १९६८ चा निराळा कायदा लागू होता, व त्याची शब्दरचना निराळी होती. वचन तेंच, हेतु तोच, देश तोच. एका ठिकाणीं तें कायद्यांत बसलें, दुसऱ्या ठिकाणीं बसलें नाहीं. उमेदवार कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या हातांत काय आहे हें त्याचा प्रामाणिकपणा ठरवीत नाहीं. तें कायदा ठरवितो.

लंडनच्या कौन्सिलानें पुढें धडा घेतला. प्रवासी आणि करदाता या दोघांचेंही हित तोलून त्यानें नवी योजना आंखली. ती १९८३ च्या आरंभीं न्यायालयापुढें टिकली आणि मे १९८३ मध्यें भाडीं सरासरीनें शेंकडा २५ नें उतरलीं. मूळ जाहीरनाम्यांतला आंकडाही हाच होता. त्याच वेळीं बस आणि भुयारी रेल्वे या दोहोंवर चालणारा 'ट्रॅव्हलकार्ड' नांवाचा पास निघाला. तो लंडनकरांच्या इतका अंगवळणी पडला कीं, पुढें कौन्सिल नाहींसें झालें तरी पास टिकला. थोडा हिशेब आधीं केला असता तर मधली दीड वर्षाची ओढाताण कदाचित् टळली असती.

परंतु यानंतरही शेवटचा शब्द दुसऱ्याच्याच हातीं होता. १९८४ च्या कायद्यानें लंडनची वाहतूक २९ जून १९८४ पासून कौन्सिलाकडून काढून सरकारी अधिकाराखालीं नेण्यांत आली, आणि १९८५ च्या कायद्यानें खुद्द कौन्सिलच ३१ मार्च १९८६ च्या अखेरीस बरखास्त झालें. उत्तरेकडील साउथ यॉर्कशायर परगण्याच्या कौन्सिलाचीही तीच गत झाली. तेथें १९७५ पासून बसचें भाडें गोठवून ठेवलेलें होतें व शेफील्डच्या लोकांना त्याचा अभिमान होता. १९८६ मध्यें तें कौन्सिल गेलें आणि भाडीं एकदम शेंकडा २५० नें चढलीं. जें वचन दहा वर्षें पाळलें गेलें, तें पाळणारी संस्थाच एका कायद्यानें पुसली गेली.

लंडनला लोकनियुक्त प्रादेशिक कारभार पुन्हां मिळाला तो २००० सालीं, मेयर आणि प्रतिनिधि-सभा यांच्या रूपानें. पहिले मेयर पुन्हां लिव्हिंग्स्टन हेच झाले. या वेळीं त्यांनीं पैशाची निराळी वाट काढली. १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्यवर्ती लंडनमध्यें कामाच्या दिवशीं मोटार आणणाऱ्यावर ५ पौंडांचा आकार बसला व त्याचें उत्पन्न वाहतुकीसाठीं खर्च करण्याचें कायद्यानेंच बंधन होतें. म्हणजे वर सांगितलेल्या तीन खिशांना चौथा, रस्ता अडविणाऱ्या मोटारवाल्याचा, जोडला गेला. कायद्यानें अधिकार आधीं दिला आणि मग तो वापरला गेला, एवढा फरक दोन काळांत होता.

वचनाचे शब्द किती बारकाईनें वाचावे, याचें उदाहरण २०१६ च्या मेयर-निवडणुकींत मिळतें. मजूर पक्षाचे उमेदवार सादिक खान यांनीं चार वर्षें भाडें गोठवूं असें वचन दिलें. हुजूर पक्षाचे झॅक गोल्डस्मिथ यांनीं तें न परवडणारें म्हटलें. खर्चाचे दोन अंदाज लोकांपुढें आले: वाहतूक-संस्थेचा १९० कोटी पौंडांचा आणि उमेदवाराचा ४५ कोटींचा. एकाच वचनाच्या खर्चाचे अंदाज चौपटीनें वेगळे निघाले, यावरूनच मतदारानें सावध व्हावयास हवें होतें. वचनाच्या कक्षेंत नक्की काय येतें यावर दोघांचें एकमत नव्हतें, असाच त्याचा अर्थ. खान निवडून आले, त्यांनीं भाडीं गोठविलीं. पण गोठलीं तीं एकेरी प्रवासाचीं. ट्रॅव्हलकार्डाचे दर व दिवसाच्या एकूण आकाराची मर्यादा यांत आगगाडी-कंपन्यांचाही संबंध असल्यामुळें तीं वाढतच राहिलीं. एकेरी तिकीट काढणाऱ्याला वचन पाळलेलें दिसलें. रोज पास वापरणाऱ्याला तें अर्धवट वाटलें. पुढें २०२० सालीं साथीमुळें गाड्या ओस पडल्या, तिकिटाचें उत्पन्न आटलें व संस्थेला मध्यवर्ती सरकारकडे मदत मागावी लागली, तेव्हां त्या मदतीच्या अटींत भाडेवाढही होती. ज्याच्या हातीं थैली त्याच्या हातीं अट, हा व्यवहार तेथेंही चुकला नाहीं.

हा प्रश्न दूरदेशचा म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. मुंबईच्या नगरपालिकेनें 'बेस्ट' ही वीज व बस पुरविणारी संस्था ७ ऑगस्ट १९४७ रोजीं आपल्या ताब्यांत घेतली; त्यापूर्वी ती एका इंग्रजी कंपनीची होती. या संस्थेची वीज मुंबई बेटावर जाते आणि बस उपनगरांपर्यंत धांवते. वीज-विभागाच्या उत्पन्नांतून बसची तूट भरून काढण्याची प्रथा तेथें अनेक वर्षें चालली. म्हणजे गिरगांवांत दिवा लावणारा गृहस्थ बोरिवलीच्या प्रवाशाच्या तिकिटाचा कांहीं भाग नकळत देत असे. पुढें २०१९ सालीं किमान भाडें ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणलें, तेव्हां नगरपालिकेच्या अनुदानाचा आधार घ्यावा लागला. आणि मे २०२५ मध्यें साध्या बसचें किमान भाडें ५ वरून १० रुपये झालें. लंडनचें गणित आणि मुंबईचें गणित यांत आंकड्यांचा भेद आहे, रीतीचा नाहीं.

तेव्हां पुढल्या निवडणुकींत उमेदवार दारीं आला म्हणजे त्याला काय विचारावें? पहिला प्रश्न: सवलतीचा पैसा कोणत्या खिशांतून येणार, आणि तो आंकड्यांत किती? दुसरा: जें देऊं म्हणतां तें देण्याचा अधिकार या संस्थेला कायद्यानें आहे काय, कीं त्यासाठीं वरच्या सरकारची संमति लागणार? तिसरा: तिकिटाचे कोणते प्रकार या वचनांत येतात आणि कोणते येत नाहींत? चौथा: ज्या वस्तींत गाडीच जात नाहीं, पण पट्टी मात्र वसूल होते, तिला या धोरणानें काय मिळणार? आणि पांचवा प्रश्न, जो भाडें वाढविण्याच्या बाजूच्या उमेदवाराला विशेषेंकरून विचारावा: भाडें वाढल्यामुळें जे प्रवासी सुटतील, त्यांच्या मोटारींना रस्ता कोठून आणणार?

हे प्रश्न कोणत्याही एका पक्षाविरुद्ध नाहींत. स्वस्त भाड्याचा पक्षपाती आणि हलक्या पट्टीचा पक्षपाती, दोघांनाही ते सारखेच अडचणीचे आहेत, आणि दोघांपैकीं जो त्यांचीं उत्तरें तयार ठेवील तो अधिक विश्वासास पात्र. लंडनच्या मतदारानें १९८१ मध्यें वचनाकडे पाहिलें. त्यांत त्याची चूक नव्हती. त्यानें हिशेबाकडेही पाहिलें असतें, तर मार्चच्या त्या सकाळीं दुप्पट पैसे देतांना त्याला निदान आश्चर्य तरी वाटलें नसतें.

घरांत भाजी आणावयाची तरी गृहिणी भाव विचारते, वजन पाहते, आणि उरलेले पैसे मोजून घेते. मत देतांना तेवढीच काळजी घेतली म्हणजे पुरे आहे. तिकिटावर छापलेली रक्कम ही प्रवासाच्या किंमतीचा एक भाग असतो. उरलेला भाग कोण देतो, हें जो विचारतो त्यालाच उमेदवारांमधला भेद खऱ्या अर्थानें दिसतो.